शेषगिरीरावांचा उजवा पाय

पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावणारा भटजी, असं शेषगिरीराव आपल्या कामाचं वर्णन करत. मद्रासच्या पाडी भागातल्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची सारी वर्षं कार्ब्युरेटर जुळवण्यात गेली. तपासणीच्या बाकावर कार्ब्युरेटर चढवायचा, त्यातून हवा ओढायची, काचेच्या नळीतली पातळी बघायची आणि पितळी स्क्रू केसभर फिरवायचा. केसभर म्हणजे नेमका किती, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. शिकाऊ पोरांना ते म्हणत, "डोळ्यानं नव्हे रे, मनगटानं बघ."

मग धुराचे नियम कडक झाले आणि गाड्यांमध्ये इंजेक्शन आलं. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवू लागली. दोन हजार दोन साली शेषगिरीरावांचा विभाग बंद झाला. कंपनीने शाल दिली, चंदनाचा हार घातला, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही घेतली, आणि त्यांचे बाक होते त्या हॉलमध्ये टाइल्स बसवून कॅन्टीन काढलं. पेन्शनच्या कामासाठी एकदा ते तिथे गेले, तेव्हा त्यांच्या जागेवर बसून कोणीतरी इडली खात होतं. साहेबांनी आग्रह केला तरी त्यांनी तिथे कॉफी घेतली नाही.

शेषगिरीरावांची माणसं मूळची तंजावरकडची. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेली मराठी घराणी; घरात जुनं मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आता ते, त्यांची पत्नी सरोजाबाई आणि एकुलता एक मुलगा प्राणेश मद्रासमधल्या तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत राहत. घराच्या कडेला पूर्वी गाय बांधायची जागा होती, तिथे पत्र्याची शेड घालून त्यांनी आपली स्टँडर्ड हेराल्ड उभी केली होती. सत्तर सालची, मद्रासमध्येच बनलेली गाडी. एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हा प्राणेश रांगत होता.

ती गाडी सुरू करण्याची त्यांची एक रीत होती. ॲक्सिलरेटरच्या पेडलवर दोन झटके द्यायचे. तिसऱ्यांदा पेडल अर्ध्यावर दाबून धरायचं. मग किल्ली फिरवायची आणि इंजिनाने हुंकार दिला की पाय अलगद, फार अलगद, वर घ्यायचा. गार इंजिनाला जादा पेट्रोल लागतं आणि कार्ब्युरेटरमध्ये ते पेडलच्या झटक्याने जातं, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण ते पाहणाऱ्याला पूजेसारखं वाटे. सरोजाबाई मागच्या सीटवरून म्हणत, "इतक्या लाडानं मला कधीं उठविलं नाहीं."

"तुला उठवायला लागतं कोठें? तूंच चारला उठून भांडीं आपटतेस."

प्राणेश इंजिनिअर झाला आणि शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात लागला. तिथे गाड्यांच्या इंजेक्शनचेच भाग बनत. बापाचा धंदा ज्याने बुडवला त्याच्याच घरी लेक चाकरीला, असं शेषगिरीराव शेजाऱ्यांना हसत सांगत, पण ते हसणं ओठांच्या पुढे जात नसे. प्राणेशचीही तिथे घुसमट होत होती. इंजिनाचा मेंदू म्हणावी ती पेटी परदेशातून कुलूपबंद येई. आतले आकडे बघायची मुभा नव्हती. इथल्या इंजिनिअरांनी फक्त वायरी जोडायच्या आणि दिवा लागला की पुढे ढकलायचं.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यानंतर एके दिवशी हेराल्ड धुराच्या तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली. त्या संध्याकाळी प्राणेश शेडमध्ये येऊन उभा राहिला.

"अप्पा, हिला इंजेक्शन बसवू?"

शेषगिरीरावांनी कार्ब्युरेटरवरून हात काढला नाही. "कोणाला?"

"हेराल्डला. अमेरिकेतले छंदिष्ट लोक एक सर्किट विकतात. सुटे भाग येतात, आपण स्वतः डाग देऊन जोडायचं. आतले सगळे आकडे आपल्याला बदलता येतात. कुलूप नाही, अप्पा! मला एक इंजिन पाहिजे, माझं स्वतःचं."

"माझं काढून तुझं करणार."

"तसं नाही म्हणालो मी."

"सरी, सरी," शेषगिरीराव म्हणाले. ठीक आहे म्हणायची त्यांची ही तमिळ लकब होती. शाळेत असल्यापासून या मुलाने बापाकडे हट्टाने काही मागितलं नव्हतं. शिवाय निदान रविवार तरी तो घरी काढेल, कंपनीतल्या मित्रांबरोबर उंडारणार नाही, हाही विचार त्यांच्या मनात आला. "पण कार्ब्युरेटर मी काढीन. तूं हात लावूं नको."

आणि त्यांनी तो स्वतः काढला. नट जपून सोडवले, पेट्रोल वाटीत ओतलं, जुन्या बनियनच्या फडक्यात तो गुंडाळला आणि भानसघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवला. भानसघर म्हणजे त्यांच्याकडचं स्वयंपाकघर. "इथें नको, वास येतो," सरोजाबाई म्हणाल्या. "येऊं दे," ते म्हणाले.

नंतरचे रविवार धामधुमीचे गेले. बापलेक पुदुपेट्टैच्या भंगारबाजारात हिंडले. एका मोडक्या गाडीतून त्यांनी थ्रॉटल बॉडी काढून आणली. इंजिनात किती हवा जाऊ द्यायची ते ठरवणारी ही झडप. ती हेराल्डच्या जुन्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळ्यांच्या जोडावर, बसेना, म्हणून लेथवाल्याकडून मधली चकती कातून घेतली आणि तिच्यातच पेट्रोलचा फवारा मारणारे दोन इंजेक्टर बसवले. टाकीला परतीची नळी डाग देऊन जोडली, कारण इंजेक्शनला पेट्रोल जोराच्या दाबाने लागतं आणि उरलेलं मागे न्यावं लागतं. विजेचा पंप आला. डायनमोची ताकद पुरेना, म्हणून त्याच्या जागी आल्टर्नेटर आला. पाण्याचं तापमान सांगणारा, हवेचा दाब सांगणारा, पेडल किती दाबलं आहे ते सांगणारा असे सेन्सर एकेक करून बसले. नळ्या वाकवायच्या, चकती बेताची घासायची, ही कामं शेषगिरीरावांच्या हातची. पण शेवटी जे जोडायचं होतं ते लॅपटॉपला, आणि तिथे त्यांचं मनगट उपयोगाचं नव्हतं.

लॅपटॉपचं काम प्राणेशचा मित्र यश बघे. साताऱ्याचा मुलगा, पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत प्रोग्रॅमिंग करायचा. घरच्या जेवणासाठी तो दर रविवारी हजर. सरोजाबाईंचं बोलणं ऐकून तो खूश होई.

"काकू, तुमचं मराठी ऐकलं की वाटतं, आता कोणीतरी घोड्यावरून खलिता घेऊन येणार."

"खलिता राहूं दे. अजून भात वाढूं?"

"वाढा. खलित्याला उशीर झाला तरी चालेल."

पडद्यावर चौकोनांचा एक तक्ता असे. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब; प्रत्येक चौकोनात एक आकडा, म्हणजे त्या घडीला पेट्रोल किती सोडायचं ते. प्राणेश गाडी चालवे, यश मांडीवर लॅपटॉप घेऊन चौकोन भरे. शेषगिरीराव मागे बसून ऐकत. "इथें भुकेलं आहे," ते म्हणत, आणि यश पाही तर खरंच त्या चौकोनात पेट्रोल कमी पडत असे. सुरुवातीला मुलं चकित होत. पुढे धूर मोजणारा सेन्सर आला आणि मागून कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

पोंगलनंतर, जानेवारीत, गाडी तयार झाली. शेषगिरीराव चालकाच्या जागेवर बसले. पेडलवर दोन झटके दिले, तिसऱ्यांदा अर्ध्यावर दाबलं, किल्ली फिरवली.

प्राणेश हसला. "अप्पा, ते दोन नमस्कार कशाला? आता झटक्याने पेट्रोल जात नाही. पेडलखाली फक्त वायर आहे."

"वायरीला नमस्कार केला तर पाप लागतं काय रे?"

इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. ना खोकला, ना धूर. शेषगिरीरावांनी ती समुद्राकडे काढली. मरीनाचा लांब रस्ता, कडेला खारट वारा, आणि पायाखाली असं गुळगुळीत इंजिन, जे त्यांनी इतक्या वर्षांत स्क्रू फिरवून फिरवून कधी मिळवलं नव्हतं. दीपस्तंभापाशी ते वळले. आपली उमेदीची वर्षं ज्या केसभर फरकात गेली तो फरक ही पेटी चुटकीसरशी काढते, हे त्यांना तिथे कळून चुकलं. घरी आल्यावर प्राणेशने उत्सुकतेने विचारलं, "कशी आहे?"

"बरी आहे," ते म्हणाले. याहून जास्त त्यांना देता आलं नाही. मुलाचा चेहरा पडलेला त्यांनी पाहिला, तरीही.

मात्र रोज सकाळी ते गाडी काढू लागले. देवळापर्यंत, समुद्रापर्यंत, कधी उगीच मैलापूरपर्यंत. जाताना कॉलर ताठ असे. निवृत्तीनंतर दारात बसून पेपर वाचणारे शेषगिरीराव पुन्हा कुठेतरी जाणारे गृहस्थ झाले. गल्लीतले लोक विचारत, "काय राव, कोठें स्वारी?" तो प्रश्न ऐकण्यासाठीच ते गाडी हळू करत. ती गाडी आपल्या हातून चालत राहावी, एवढीच त्यांची आता देवाकडे मागणी होती.

मार्चमध्ये, देवळाच्या कोपऱ्यावर गाडीने फुलवालीची टोपली उडवली. बाई मागे झाली म्हणून वाचली. मोगऱ्याचे गजरे रस्त्यावर पसरले. शेषगिरीरावांनी भरपाई केली आणि घरी येऊन सांगितलं, "रस्त्यात टोपली मांडून बसतात ही माणसं."

"कोणत्या बाजूला होती?" प्राणेशने विचारलं.

"कडेला. डावीकडे. रोज तिथेंच बसते."

"रोज तिथेच बसते, तर मग..."

"मग काय?"

जेवताना डावीकडे ठेवलेला पाण्याचा पेला हल्ली वडिलांच्या हाताने लवंडतो, हे प्राणेशने पाहिलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ या, असं त्याने दोनदा सुचवलं. "चष्मा नवा आहे," शेषगिरीराव म्हणाले, आणि विषय मिटला.

पुढच्याच आठवड्यात गाडी सुरू होईना.

दोन झटके, तिसऱ्यांदा अर्ध्यावर, किल्ली. स्टार्टर फिरतो, इंजिन लागत नाही. त्यांनी पेडल अजून दाबलं. धंद्याचा अनुभव हेच सांगत होता: लागत नसेल तर पेट्रोल जास्त दे. पार तळापर्यंत दाबलं. काही नाही. बॅटरी दमली तेव्हा ते उतरले, बॉनेट उघडून वाकले आणि नाक पुढे करून श्वास घेतला.

संध्याकाळी प्राणेश आला, बसला, किल्ली फिरवली, आणि गाडी लागली.

"काय केलंस?"

"काही नाही. किल्ली फिरवली."

"सकाळीं पेट्रोलचा वासच नव्हता. इतकं पेडल मारलं, तर इंजिन भिजून वास यायला पाहिजे. पेट्रोल येतच नाहीं, प्राणेश. कोठेंतरी बंद होतं आहे."

मुलाने लॅपटॉप उघडून पडद्याकडे पाहिलं. "सेन्सरची कटकट असेल, अप्पा. बघतो."

तो बघत राहिला आणि महिने गेले. शेषगिरीरावांच्या हातून गाडी लागेना. प्राणेशच्या हातून कधी चुकेना. त्यांनी पंपाची वायर तपासली, गाळणी बदलली, टाकी धुतली. ज्या विद्येने त्यांनी घर चालवलं ती सगळी एकेक करून त्या गाडीपुढे मांडली. शेडमधून स्टार्टरची घरघर ऐकू आली की शेजारचे पद्मनाभ खिडकीतून ओरडत, "राव, गाडी ऐकेना तर सूनबाई आणा घरांत, ती तरी ऐकेल!" पहिल्यांदा ते हसले. नंतर त्यांनी पद्मनाभांकडे पाहणं सोडलं.

रविवारी प्राणेश गाडी काढे आणि आईवडिलांना फिरवून आणे. शेषगिरीराव शेजारच्या सीटवर बसत, हात मांडीवर ठेवून, देवळात नेलेल्या म्हाताऱ्यासारखे. एकदा सरोजाबाई म्हणाल्या, "लेंक नेतो आहे, सुखानं बसा की." त्यावर ते पटकन म्हणाले, "गाडीसुद्धां माणूस बघून चालते. माझा काळ गेला, हें तिला कळलं." प्राणेशने पुढच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. त्याचे कान मात्र लाल झाले. शेषगिरीरावांना वाटलं, मुलाला बापाची दया आली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी प्राणेशला कारखान्यात जादा पाळी होती. यश आपली लॅपटॉपची केबल न्यायला आला. शेषगिरीरावांनी त्याला शेडमध्ये नेलं.

"यश, बाबा, एकदां बघ. हा म्हणतो सेन्सर. मला पटत नाहीं."

यशने घरातला प्राणेशचा लॅपटॉप आणून जोडला आणि शेजारी बसला. "करा सुरू, काका."

शेषगिरीरावांनी नेहमीप्रमाणे केलं. स्टार्टर घरघरला. यशने पडद्याकडे बघत भुवया आवळल्या.

"काका, पाय काढा."

"पाय काढून कशी लागेल रे?"

"काढा तर."

त्यांनी पाय पूर्ण उचलला आणि किल्ली फिरवली. इंजिन तात्काळ लागलं.

शेडमध्ये नुसता इंजिनाचा संथ आवाज भरून राहिला. यशच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद होता. "अहो, सोपं आहे! इंजिनात पेट्रोल जास्त झालं तर ते सुकवायला एक सोय असते. स्टार्टर फिरताना पेडल ठरावीक आकड्याच्या वर दाबलं, की पेटी पेट्रोल बंदच करते. तुम्ही अर्धं दाबता ना? म्हणून. पण तो आकडा सत्तर टक्के होता. मीच टाकला होता, तुमचा अर्धा पाय ध्यानात घेऊन." त्याने दोन बटणं दाबली. "आता हा वीस आहे. वीस कुणी केला?"

प्रश्न तोंडातून निघाला आणि उत्तर त्यालाही मिळालं. त्याने लॅपटॉप किंचित आपल्याकडे वळवला.

"आपोआप बदलतो का हा आकडा?" शेषगिरीरावांनी विचारलं.

"कधी कधी... म्हणजे... नाही, काका."

"हम्."

"सत्तर करून देऊ का?"

"नको. राहूं दे. तूं जेवून जा, काकूंनी पोळ्या केल्या आहेत."

यश त्या दिवशी पहिल्यांदा जेवल्याशिवाय गेला.

शेषगिरीराव रात्रभर कुशीवर वळत राहिले. वासाबद्दल आपण मुलाला सांगितलं होतं. पेट्रोल बंद होतं आहे, हे अचूक निदान केलं होतं. आणि तो पडद्यात बघून म्हणाला, सेन्सर. दुकानदाराने पोराला गप्प करावं तसं. का केलं, हेही त्यांना कळत होतं. फुलवालीची टोपली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण मी आंधळा नव्हे, ते मनाशी म्हणत राहिले. उद्या दाखवतो.

सोमवारी पहाटे प्राणेश कंपनीच्या बसने गेला. सरोजाबाई देवळात गेल्या. शेषगिरीरावांनी शर्टाला इस्त्री केली, कपाळाला गंध लावलं आणि गाडीत बसले. उजवा पाय उचलून त्यांनी, खोडकर मुलाला धरावं तसा, सीटच्या बाजूला दाबून धरला. किल्ली फिरवली. लागली.

पायक्रॉफ्ट्स रोडवरून समुद्राकडे जाताना सगळं पूर्वीसारखं होतं. चहाच्या टपरीवरच्या सुंदरने हात केला. एका बसला त्यांनी बेताने जाऊ दिलं, समोरच्या ऑटोला शिस्तीत मागे टाकलं. छातीतला दगड हलका होऊ लागला. संध्याकाळी आपण मुलाला काय म्हणू, ते त्यांनी मनात जुळवायला घेतलं: 'मरीनाला जाऊन आलों. तुझ्या त्या वीस टक्क्यांवर पाय ठेवून.' वाक्य चांगलं जमलं होतं. ते त्यांनी पुन्हा एकदा मनात म्हटलं.

परतीच्या वाटेवर, एका गल्लीच्या तोंडाशी, किंकाळ्या आल्या. लहान मुलांच्या. त्यांनी क्लचसकट ब्रेकवर सारं अंग टाकलं. गाडी ओरडत थांबली. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला जवळजवळ चिकटून सायकलरिक्षा उभी होती, शाळेच्या मुलांनी भरलेली, दप्तरं बाहेर लटकलेली. मागच्या फळीवर बसलेली एक मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडून घरंगळत चालली होती.

रिक्षावाला उतरला, बॉनेटवर थाप मारून ओरडला, "पेरियवरे, कण्णु तेरियलैया?" म्हातारबुवा, डोळे दिसत नाहीत का?

शेषगिरीरावांना उत्तर द्यायचं होतं. उशिरा दिसली, असं म्हणायचं होतं. पण ती उशिरा दिसली नव्हती. ती दिसलीच नव्हती. गल्ली दिसली, भिंत दिसली, भिंतीवरचं पोस्टर दिसलं, आणि मध्ये जिथे रिक्षा असायला हवी होती तिथे काहीच नव्हतं. पोकळीसुद्धा नव्हती. रस्ता होता, मोकळा.

रिक्षावाल्याने त्यांचा चेहरा पाहिला, काय वाटलं कोण जाणे, बाटली उचलून मुलीला दिली आणि पुढे निघून गेला. कार्ब्युरेटर असता, तर एवढ्या जोराच्या ब्रेकला इंजिन आचका देऊन बंद पडलं असतं. आता ते चालूच होतं, मुलाने भरलेल्या आकड्यांबरहुकूम, शांतपणे. शेषगिरीराव पहिल्या गिअरमध्ये, कडेकडेने घरी आले. शेडमध्ये गाडी लावली तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. तो त्यांनी सरोजाबाई यायच्या आत धुऊन टाकला.

संध्याकाळी प्राणेश आला, हातपाय धुऊन भानसघरात बसला. शेषगिरीराव समोर येऊन उभे राहिले.

"वीस तूं केलेस?"

प्राणेशने घास खाली ठेवला. "यश आला होता का?"

"मी विचारलें तें सांग."

"हो. मी केले."

"कधीं?"

"फुलवालीनंतर. अप्पा, ऐका..."

"मी म्हणालों, वास नाहीं. मी म्हणालों, पेट्रोल बंद होतं आहे. तूं काय म्हणालास?"

"सेन्सर म्हणालो."

"कोणाला म्हणालास? पेट्रोलच्या वासांत ज्याचं आयुष्य गेलं त्याला? मी टाकी धुतली, प्राणेश. गाळणी बदलली. तूं शेजारी उभा राहून मला टॉर्च धरलास!"

प्राणेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग काय करू? चावी मागू तुमच्याकडे? मागितली असती तर दिली असती तुम्ही? डॉक्टरकडे चला म्हटलं, आला नाहीत. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, अप्पा. कोणीतरी मेलं असतं."

सरोजाबाई पळी हातात घेऊन थिजल्या होत्या. या क्षणी, एका वाक्यात, सगळं मिटलं असतं. ते वाक्य शेषगिरीरावांच्या जिभेवर आलंही. रिक्षातली ती मुलगी, तिची घरंगळणारी बाटली.

"मला सगळं दिसतं," ते म्हणाले. "कोणी बापाला घरच्या घरांत मूर्ख बनवलेलंसुद्धां दिसतं."

प्राणेश उठला. उष्ट्या हाताने तसाच खोलीत गेला, लॅपटॉप घेऊन शेडमध्ये पळाला. थोड्या वेळाने परत आला तो चावी तळहातावर घेऊन.

"सत्तर केले. पूर्वीसारखं. चालवा तुम्ही, अप्पा. माझं चुकलं. तुमची गाडी आहे, तुम्हाला वाटेल तिथे न्या. मी परत एक शब्द बोलणार नाही."

शेषगिरीरावांनी त्या चावीकडे पाहिलं. मुलगा त्यांना हवं ते सगळं देत होता, आणि त्यातलं काहीच त्यांना घेता येत नव्हतं.

"मी त्या गाडींत परत पाय ठेवणार नाहीं," ते म्हणाले. "तूं तिच्यांत खोटं घातलंस. विकून टाक."

"अप्पा, असं नका..."

"पोदुम," ते म्हणाले. पुरे. आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

गाडी दिवाळीपूर्वी कोइंबतूरच्या एका शौकिनाने नेली. इतकं छान चालणारं जुनं इंजिन आपण पाहिलं नाही, असं तो दोनदा म्हणाला. कोणी केलं, असंही त्याने विचारलं. प्राणेशने चावी त्याच्या हातात ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात तो पुण्याला नोकरी घेऊन गेला. तिथे तो खरेदी विभागात आहे, घासाघीस करतो. डाग द्यायची पेटी त्याने यशला देऊन टाकली होती. रविवारी फोन येतो, आईशी बोलतो. नातेवाईक शेषगिरीरावांना विचारत, गाडी का हो विकली? ते म्हणत, "लेंकाला विचारा." लोक प्राणेशला विचारत, आणि तो म्हणे, माझ्यामुळे.

गाडी विकल्यावर दोन वर्षांनी, जिन्यावरून पाय घसरल्यावर, सरोजाबाईंनी त्यांना हट्टाने डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी यंत्रावर कपाळ टेकवायला लावलं, दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. मग कागद पुढे ठेवला. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्या बाजूची नजर जवळजवळ संपलेली. हे आजचं नव्हे, जुनं आहे, त्या म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं.

"गाडी चालवता?"

"सोडली."

"कधी?"

"दोन वर्षं झालीं."

"बरं केलंत. लोक ऐकत नाहीत. तुम्ही स्वतःहून सोडलीत?"

"मुलानं सोडायला लावली," सरोजाबाई म्हणाल्या.

"मग त्याला माझ्याकडून शाबासकी द्या."

बाहेर पायऱ्यांवर सरोजाबाई थांबल्या. औषधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हांला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता. "त्या दिवशीं शर्ट धुतलात तुम्ही. तुम्ही जन्मांत कधीं शर्ट धुतला नाहीं."

समोर ऑटोंची रांग होती. शेषगिरीराव त्यातल्या त्यात उजवीकडच्या ऑटोकडे पाहत राहिले.

"प्राणेशला आज फोन करतें."

"काय सांगशील?"

"त्याचं बरोबर होतं म्हणून. आणखी काय? दोन वर्षं पोर घरीं येऊन धड जेवला नाहीं."

"सांगूं नको."

"कां?"

"तें पण त्याचं बरोबर ठरलं," शेषगिरीराव म्हणाले, "तर माझ्यापाशीं काय राहील, सांग बघूं."

सरोजाबाईंनी त्यांचा हात धरला नाही. पुढे जाऊन ऑटो ठरवली.

रविवारी फोन आला. पुण्यात थंडी पडली आहे, प्राणेश म्हणाला, मग नेहमीसारखं, जरा चाचरत, "अप्पा बोलतील का?" सरोजाबाईंनी रिसीव्हर नवऱ्यापुढे धरला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तरी सरोजाबाईंनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला, आतून मुलाचं 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं.

"डोळ्यांत औषध घालून पडले आहेत," शेवटी त्या फोनमध्ये म्हणाल्या. "कसलं? कांहीं नाहीं रे. वय झालं."

शेषगिरीराव समोरच्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होते.